फोनवरचे ओपन सोर्स कॅमेरा ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ (गणेशचतुर्थी) झाली, जात्रा झाली, गावचं नाटक झालं की फोटो काढणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येतात. पाऊस सुरू झाला की धबधब्यांचे येतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहेत. उदाहरणं गोव्यातली असली तरी सेटिंग्ज कुठेही तीच राहतात.

ओपन सोर्स म्हणजे फुकट मिळणारं ॲप, एवढंच ना?

नाही. फुकट ॲप ढिगाने आहेत आणि त्यांतले बरेचसे जाहिरातींवर किंवा तुमच्या माहितीवर जगतात. ओपन सोर्स ॲपचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. कोणालाही तो वाचता येतो, परवान्याच्या अटी पाळून बदलता येतो आणि बदललेली आवृत्ती पुढे देता येते. तुम्ही स्वतः कोडची एक ओळही वाचणार नाही हे खरं, पण वाचणारे लोक आहेत. ॲप गुपचूप काहीतरी बाहेर पाठवत असेल तर ते फार दिवस लपत नाही.

मग ते ‘जीकॅम’ ओपन सोर्स आहे का? मित्राने एपीके (ॲप बसवायची फाइल) पाठवली आहे.

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे. जीकॅम म्हणून जे फिरतं ते गूगलच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये इतर फोनसाठी फेरफार केलेलं रूप आहे. मूळ कोड गूगलकडे बंद आहे. फेरफार करणाऱ्यांतले काही जण खरोखर हुशार आहेत आणि रात्रीचे फोटो त्यात सुंदर येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तुमच्या हातात येणाऱ्या एपीकेत आणखी काय घातलं आहे हे तपासायला मार्ग नाही आणि कॅमेरा, माइक, लोकेशन या तिन्ही परवानग्या तुम्ही तिला देणार आहात. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके तर मुळीच बसवू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.

खरोखर ओपन सोर्स असलेली ॲप कोणती? सुरुवात कुठून करू?

ओपन कॅमेरापासून करा. मार्क हार्मन यांनी २०१३ मध्ये ते प्रथम आणलं. आजही ते जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. दिसायला ते जुनाट वाटतं, आयकॉनही बेतास बात, पण सेटिंग्जच्या बाबतीत दुसरं कुठलंही ॲप त्याच्या जवळपास जात नाही. या पानावरची बहुतेक उत्तरं त्यालाच धरून आहेत.

साधं, नीटनेटकं, खाजगीपणा जपणारं काही हवं असेल तर ग्राफीनओएस या खाजगीपणावर भर देणाऱ्या अँड्रॉइडच्या रूपाचं कॅमेरा ॲप बघा. प्ले स्टोअरवर ते ‘सिक्युअर कॅमेरा’ या नावाने मिळतं. क्यूआर कोडही त्यात वाचता येतो. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर मी हेच सुचवतो, कारण चुकून बिघडवण्यासारखं त्यात फार काही नाही.

फोनवर लिनेजओएस (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी बसवता येणारी ओपन सोर्स प्रणाली) घातली असेल तर ‘ॲपर्चर’ आपोआप मिळतं. लिनेजओएस २० पासून, म्हणजे अँड्रॉइड १३ च्या पिढीपासून, जुन्या ‘स्नॅप’ कॅमेरा ॲपच्या जागी ते आलं. ज्यांना खटपट आवडते त्यांच्यासाठी फ्रीडीकॅम आणि फोटॉनकॅमेरा आहेत. फोटॉनकॅमेरा एका दमात बऱ्याच रॉ (सेन्सरच्या कच्च्या) फ्रेम घेऊन स्वतःच्या पद्धतीने एकत्र करतं. काही फोनवर निकाल थक्क करणारा असतो, काहींवर ते उघडतही नाही.

प्ले स्टोअरवरून घेऊ की एफ-ड्रॉइडवरून?

दोन्ही चालतील. एफ-ड्रॉइड हे फक्त मुक्त सॉफ्टवेअरचं भांडार आहे आणि तिथली बहुतेक ॲप ते स्वतः मूळ कोडपासून बांधून देतात. ॲप कुठल्या परवानग्या मागतं हेही तिथे पानावरच लिहिलेलं असतं.

एक अडचण आधी सांगून ठेवतो. दोन्हीकडच्या फाइलींवरची डिजिटल सही सहसा वेगळी असते, त्यामुळे प्ले स्टोअरच्या ॲपवर एफ-ड्रॉइडची आवृत्ती चढत नाही. आधीचं काढून टाकावं लागतं आणि त्याबरोबर तुमच्या सगळ्या सेटिंग्ज जातात. ओपन कॅमेरात सेटिंग्ज फाइलमध्ये साठवायची सोय आहे. ती वापरा आणि ती फाइल दुसऱ्या फोल्डरात कॉपी करून ठेवा, कारण ॲप काढलं की त्याचं स्वतःचं फोल्डरही पुसलं जातं.

हे ॲप घातल्यावर फोटो आधीपेक्षा चांगले येतील का?

घातल्या घातल्या? बहुधा नाही. पहिल्या दिवशी तर कदाचित आधीपेक्षा वाईटच येतील.

फोनच्या कंपनीने दिलेला कॅमेरा एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो, सावल्या उजळतो, कातडी गुळगुळीत करतो, आकाश निळं करतो आणि मग तुम्हाला फोटो दाखवतो. ही सगळी कारागिरी कंपनीची खाजगी असते आणि ती बाहेरच्या ॲपला मिळतेच असं नाही. ओपन सोर्स ॲप तुमच्या फोनचा सेन्सर बदलत नाही, लेन्स बदलत नाही. फोनने जेवढी दारं उघडी ठेवली आहेत तेवढ्यांच्या किल्ल्या ते तुमच्या हातात देतं. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, फोकस कुठे बांधून ठेवायचा, फोटोच्या आत कोणती माहिती जाऊ द्यायची, हे सगळं तुम्ही ठरवता.

म्हणून मूळ कॅमेरा काढून टाकू नका. पंगतीत घाईघाईने काढायचे फोटो, रात्रीचे हातात धरून काढायचे फोटो त्यालाच काढू द्या. जिथे तो तुमचं ऐकत नाही तिथे दुसरं ॲप उघडा.

सगळे ‘कॅमेरा२ एपीआय’ चालू करा म्हणतात. ते काय असतं?

कॅमेऱ्याशी बोलायची अँड्रॉइडची नवी पद्धत, जी २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ बरोबर आली. जुन्या पद्धतीत ॲपला सेन्सरवर फारसा ताबा नव्हता. नव्या पद्धतीत आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा), शटरचा वेळ, फोकसचं अंतर, रॉ फाइल हे सगळं मागता येतं. फोन ते देईलच असं मात्र नाही. प्रत्येक फोन आपली पातळी जाहीर करतो. ‘लेगसी’ म्हणजे नव्या पद्धतीचं नुसतं नाव, आत जुनंच. ‘लिमिटेड’ म्हणजे काही सोयी आहेत, काही नाहीत. ‘फुल’ किंवा ‘लेव्हल ३’ असेल तर तुमचं नशीब चांगलं.

ओपन कॅमेराच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा एपीआय’ असा पर्याय आहे. काही फोनवर नवी पद्धत आधीच निवडलेली असते, काहींवर तुम्हाला निवडावी लागते. हा पर्यायच दिसत नसेल तर तुमच्या फोनने दार लावून घेतलं आहे. त्याला ॲपच्या बाजूने इलाज नाही.

माझ्या फोनला तीन लेन्स आहेत. ॲपमध्ये एकच दिसते. बाकीच्या कुठे गेल्या?

कंपनीने त्या स्वतःच्या ॲपपुरत्या राखून ठेवल्या असतील. अँड्रॉइड ९ पासून अनेक लेन्स मिळून एकच कॅमेरा म्हणून दाखवायची सोय आली. ज्या फोनने ती नीट राबवली आहे तिथे झूम ०.५ किंवा ०.६ पर्यंत मागे नेला की वाइड लेन्स आपोआप लागते. म्हणून आधी दोन बोटांनी झूम मागे घेऊन बघा. काही फोनवर कॅमेरा बदलायच्या बटणाजवळ आणखी एक छोटं बटण येतं, तेही दाबून पाहा. दोन्ही नसेल तर ती लेन्स बाहेरच्या ॲपला मिळत नाही.

नवा फोन घेणार असाल आणि या गोष्टींत रस असेल तर दुकानातच एखादं ओपन सोर्स ॲप घालून बघायला मागा. दुकानदार थोडा कुरकुरतो, पण बघू देतो.

खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलं आहे, फोटो मात्र साडेबाराचा येतो. फसवणूक?

फसवणूक नाही. असे सेन्सर शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून एक बनवतात, म्हणून ५० चे साडेबारा होतात. अंधारात त्याचा फायदाच होतो. सेन्सरचं पूर्ण रिझोल्यूशन बाहेरच्या ॲपला द्यायची सोय अँड्रॉइड १२ मध्ये आली, पण प्रत्येक कंपनी ती देत नाही. माझं मत विचाराल तर त्यामागे धावू नका.

गावच्या नाटकाचे फोटो काढताना चेहरे पांढरेफटक येतात, कधी आडवे पट्टे दिसतात. काय करायचं?

गोव्यात जात्रेला, शिगम्याला गावोगाव नाटकं होतात आणि पेडण्याकडे दशावतार रात्रभर चालतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा. यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

पांढरे चेहरे आधी घेऊ. रंगमंचावर मागचा पडदा काळा, कोपरे अंधारात आणि रंग लावलेल्या चेहऱ्यावर थेट झोत. फोन सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, त्याला वाटतं फारच अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि राजाच्या चेहऱ्याचं पीठ होतं. ओपन कॅमेरात आधी चेहऱ्यावर बोट टेकवा म्हणजे मोजमाप तिथलं होईल. मग एक्सपोजर (फोटोचा एकूण उजेड) उणे एकपर्यंत खाली आणा आणि एक्सपोजरचं कुलूप लावा. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पडद्यावर दाखवायची सोय आहे. त्याचा उजवा कडा भिंतीला चिकटू देऊ नका. ज्यांना आलेख वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी झेब्रा पट्टे आहेत. जिथे तपशील जळतोय तिथे रेघा दिसतात, त्या चेहऱ्यावरून हटेपर्यंत उजेड कमी करा.

आता आडवे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही काळपट येतात. सेटिंग्जमध्ये ‘अँटी-बँडिंग’ ५० हर्ट्झवर ठेवा. शटर हाताने लावत असाल तर १/१००, १/५० किंवा १/२५ सेकंद एवढेच आकडे वापरा. १/५० ला नट स्तब्ध उभा असेल तर चित्र स्वच्छ येतं, युद्धाच्या नाचात हात पुसट येतात. त्या वेळी १/१०० ला या आणि आयएसओ वाढू द्या. थोडे दाणे आले तरी चालतील. एक अपवाद आहे. मंद करता येणारे स्वस्त एलईडी आणि ते फिरणारे रंगीत दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे हे आकडे कामाला येत नाहीत. वेगवेगळे शटर लावून बघणं एवढंच उरतं.

रंगांबद्दल आणखी एक. झोत लाल, निळा, हिरवा बदलत राहतो तसा फोन व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बदलत राहतो आणि एकाच प्रवेशाचे दहा फोटो दहा रंगांचे येतात. कॅमेरा२ असेल तर व्हाइट बॅलन्स हाताने केल्व्हिनमध्ये लावून तिथेच ठेवता येतो. आणि शटरचा आवाज बंद करा हो. नाट्यपद रंगात आलेलं असताना मागून खटखट ऐकू आली की तबलजीसुद्धा वळून बघतो.

चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) आणि गणपती एका फोटोत घेतो. एक तर खिडकी जळते, नाहीतर माटोळी काळी पडते.

एचडीआर मोड लावा. ओपन कॅमेरा कमी, मध्यम आणि जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन फोनवरच एकत्र करतं, आणि हात किंचित हलला तरी त्या जुळवून घेतं. पण मखराभोवतीची एलईडीची माळ लुकलुकत असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे दिवे पेटलेले असतात आणि जोडलेल्या चित्रात माळ तुटक, भुतासारखी दिसते. माळेच्या डबीवरचं बटण दाबून ती स्थिर प्रकाशावर आणा, मग फोटो काढा. आरती चालू असताना एचडीआर नको, कारण हलणाऱ्या हातांचं तेच होतं.

माटोळी खालून वर काढायची असेल तर ‘ऑटो-लेव्हल’ बंद ठेवा. ती सोय फोन साधारण उभा धरलेला असताना क्षितिज सरळ करायला आहे. ती चित्र फिरवते आणि कडा कापते, आणि माटोळीच्या कडेला टांगलेल्या नेमक्या रानफळांचाच बळी जातो. आंबाडे, घागऱ्या, कांगलां नीट दिसायला हवी असतील तर मॅन्युअल फोकस वापरा. त्याच्याबरोबर फोकस पीकिंग चालू केलं की नेमकं जे स्पष्ट आहे त्याच्या कडा रंगाने उठून दिसतात.

हरवळ्याचा धबधबा दुधासारखा यायला हवा.

त्यासाठी शटर पाव सेकंदाच्या आसपास हवं. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुतेक वेळा कायमचं एकाच मापाचं असतं, लहान करता येत नाही, आणि आयएसओ एका मर्यादेखाली जात नाही. पावसाळी आभाळात, झाडांच्या सावलीत १/६० ने योग्य उजेड मिळत असेल तर १/४ ला तो जवळपास सोळा पट होतो. तेवढाच कमी करायला एनडी १६ चा फिल्टर, म्हणजे उजेड सोळाव्या हिश्शावर आणणारी काळी काच, लागतो. फोनवर क्लिपने बसणारे मिळतात. भर उन्हात तोही पुरत नाही, म्हणून ढगाळ दिवस किंवा सकाळची वेळ बरी. ट्रायपॉड हवाच. बटण दाबताना फोन हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

पावसाळ्यात दुसरीच एक कटकट असते. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर बाष्प धरतं आणि सगळं धुकट दिसतं. लोक ॲपला शिव्या देतात. फोन थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्या.

ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. काही उपाय?

आवाज वाढवायच्या बटणाला फोटो काढायचं काम द्या, ते मुळात तसंच लावलेलं असतं. त्याच बटणाला झूम किंवा एक्सपोजरचं कामही देता येतं. डावखुऱ्यांसाठी पडद्यावरची बटणं दुसऱ्या बाजूला नेता येतात, नको असलेले आयकॉन लपवता येतात. मोठा आवाज झाला की फोटो काढायचीही सोय आहे, टाळी वाजवली की क्लिक. शिगम्याच्या रोमटामेळात ढोल-ताशे चालू असताना ती बंद ठेवा, नाहीतर मेमरी भरेपर्यंत फोन थांबणार नाही.

काजवे आणि रात्री चमकणारी बुरशी फोनवर येते का?

येते, फोन साथ देत असेल तर. म्हादई अभयारण्याच्या परिसरात पावसाळ्यात कुजणाऱ्या लाकडावर चमकणारी बुरशी दिसते, तर काजव्यांचा भर पावसाच्या तोंडावर असतो. दोन्हींना कित्येक सेकंदांचं एक्सपोजर लागतं. काही फोन बाहेरच्या ॲपला लांब एक्सपोजर देतात, काही सेकंदाच्या आतच हात आखडतात. ओपन कॅमेरात मॅन्युअल आयएसओ लावून शटरची पट्टी शेवटपर्यंत ओढा, तुमच्या फोनची मर्यादा तिथेच कळेल. मूळ ॲपच्या ‘प्रो’ मोडमध्ये ३० सेकंद मिळत असतील आणि इथे एकच, तर सरळ मूळ ॲप वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

काजव्यांसाठी फोकस अनंतावर बांधा आणि ‘रिपीट’ लावून एकामागून एक फ्रेम घ्या. घरी संगणकावर त्या एकमेकींवर ठेवायच्या आणि प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू राखायचा, म्हणजे काळोखात सोनेरी ठिपक्यांची रांगोळी उमटते. बुरशी जवळून काढताना फोकस अंधारात लागत नाही. क्षणभर मंद विजेरी टाकून फोकस लावा, त्याला मॅन्युअलवर बांधा, विजेरी विझवा. काजव्यांच्या जागी मात्र विजेरी, फ्लॅश काहीच नको, प्रकाशाने त्यांचे मिलनाचे इशारे बिघडतात. अभयारण्यात रात्री शिरायला वनखात्याची परवानगी लागते, हे वेगळं सांगायला नको.

रॉ फाइल घेण्यात अर्थ आहे का?

संगणकावर बसून फोटोवर काम करणार असाल तर आहे. रॉ म्हणजे सेन्सरने पाहिलेलं, कंपनीची रंगरंगोटी न केलेलं चित्र. अँड्रॉइडवर ते डीएनजी स्वरूपात साठवलं जातं. १२ मेगापिक्सेलची न आवळलेली फाइल साधारण २४ एमबीची होते, तेव्हा फोन लवकर भरतो. पहिल्यांदा उघडल्यावर ती मळकट, दाणेदार दिसते आणि लोक घाबरतात. डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही दोन्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्यावर काम करायला उत्तम. फोटो थेट व्हॉट्सॲपवर टाकायचा असेल तर रॉची मेहनत वाया.

फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण छापून हवं. पंचायतीत तक्रार द्यायची आहे.

ओपन कॅमेराच्या फोटो सेटिंग्जमध्ये ‘स्टॅम्प’ आहे. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, पत्ता, शिवाय तुमचा स्वतःचा मजकूर, अक्षरांचा आकार आणि रंग, सगळं ठरवता येतं. जिओटॅगिंग (फोटोत ठिकाणाची नोंद) चालू ठेवा आणि फोटो काढण्याआधी जीपीएस लागू द्या. दाट झाडीत, डोंगराच्या कुशीत त्याला वेळ लागतो. हा शिक्का जेपीजीवर कायमचा छापला जातो, रॉवर छापला जात नाही. व्हिडिओवर शिक्का बसत नाही, पण त्याच माहितीची वेगळी सबटायटल फाइल बनवता येते.

फक्त याला पुरावा समजू नका. फोनचं घड्याळ कोणीही मागे फिरवू शकतो. फोटोत पुढे फेरफार झाला नाही हे दाखवायची खरोखर गरज असेल तर गार्डियन प्रोजेक्टचं प्रूफमोड हे ओपन सोर्स ॲप बघा. ते फोटोच्या वेळची माहिती नोंदवून त्यावर डिजिटल सही करतं.

नदीचा काठ कसा खचत गेला, खाजनाचा (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतजमिनीचा) बांध कुठे फुटला, असं काही वर्षानुवर्षं नोंदवायचं असेल तर ‘घोस्ट इमेज’ ही सोय शिक्क्याहून मोलाची आहे. जुना फोटो पडद्यावर अर्धपारदर्शक दिसत राहतो. त्यातला माड, विजेचा खांब, घराचं छप्पर समोरच्या दृश्याशी जुळेपर्यंत तुम्ही पुढेमागे व्हायचं आणि मग क्लिक करायचं. मे महिन्यातला आणि ऑगस्टमधला काठ शेजारी शेजारी ठेवला की भांडायला शब्द फार लागत नाहीत. या ॲपमधली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

उलट मला फोटोतलं लोकेशन काढून टाकायचं आहे.

मग जिओटॅगिंग बंद ठेवा. फोनचं मॉडेल वगैरे माहितीही नको असेल तर ओपन कॅमेरात ‘एक्झिफ’मधली, म्हणजे फोटोच्या आत दडलेल्या नोंदीतली, फोनची माहिती वगळायचा पर्याय आहे. ग्राफीनओएसचं ॲप तुम्ही चालू केल्याशिवाय लोकेशन जोडत नाही आणि बाकीची माहितीही कमीत कमी ठेवतं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. लोक दर्जा टिकावा म्हणून डॉक्युमेंट पाठवतात आणि घराचा पत्ताही पाठवून बसतात. दुर्मीळ ऑर्किड किंवा पक्ष्याचं घरटं दाखवताना तर हे विसरूच नका. उपटून नेणारेही फोटो बघतात.

नाटकाचं, भजनाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आहे.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा साठवायचा), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आणि आवाजाचा स्रोत हे तिन्ही हाताने ठरवता येतं. बाहेरचा माइक जोडला असेल तर स्रोतामध्ये तो निवडा, नाहीतर ॲप फोनचाच माइक वापरत राहील. भजनात पखवाज आणि टाळ एकदम चढले की फोन आपोआप आवाज दाबतो आणि मागाहून गवयाचा आवाज पंपासारखा वरखाली होतो. ‘अनप्रोसेस्ड’ हा स्रोत मिळत असेल तर तो घेऊन बघा. १७ मेगाबिटच्या बिटरेटने तासाला साधारण साडेसात जीबी लागतात. तीन अंकी नाटकाचा हिशेब आधी करा आणि चार्जरची वायर पोचेल अशी जागा धरा.

व्हॉट्सॲपमधून किंवा बँकेच्या ॲपमधून फोटो काढताना हेच ॲप का उघडत नाही?

व्हॉट्सॲपचा कॅमेरा त्याचा स्वतःचाच आहे. इतर ॲपबद्दल म्हणाल तर अँड्रॉइड ११ पासून नियम बदलला. दुसऱ्या ॲपने कॅमेरा मागितला की फोनबरोबर आलेलाच कॅमेरा उघडतो. हे सुरक्षेसाठी केलं आहे. उपाय साधा, आधी फोटो काढा, मग गॅलरीतून जोडा.

उद्या बनवणाऱ्याने ॲप विकलं किंवा सोडून दिलं तर?

असं झालेलं आहे. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ हा लोकप्रिय ओपन सोर्स ॲपचा संच, त्यात कॅमेराही होता, २०२३ च्या अखेरीस एका कंपनीला विकला गेला. पण कोड उघडा असल्यामुळे त्यावर काम केलेल्यांनीच ‘फॉसिफाय’ नावाने तो पुढे चालू ठेवला. बंद ॲपच्या बाबतीत असं घडलं असतं तर वापरणाऱ्यांना फक्त बघत बसावं लागलं असतं.

आयफोनसाठी?

तिथे हे सगळं फारच तुटपुंजं आहे. आयफोनवर हाताने सेटिंग्ज देणारी चांगली ॲप आहेत, पण नावाजलेली बहुतेक बंद कोडची.

काही बिघडलं तर कोणाला सांगायचं?

प्रत्येक ॲपच्या पानावर त्याच्या कोडचा पत्ता असतो, तिथे कळवा. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती आणि नेमकं काय केल्यावर काय झालं हे लिहा. ‘चालत नाही’ एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. ओपन कॅमेरात ‘अबाउट’ उघडलं की तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याची सगळी माहिती एका जागी मिळते, ती कॉपी करून चिकटवा. बनवणारा बहुधा नोकरी सांभाळून फावल्या वेळात हे करतोय, उत्तर यायला आठवडा लागू शकतो. ॲप उपयोगी पडलं असेल तर देणगीचा मार्गही त्याच पानावर असतो.